सातबारा नावावर झाला, आता अनुदान खात्यात कसं आणायचं?

वडील गेले आणि साडेतीन एकर आमच्याकडं आली. आमच्याकडं म्हणजे आई, मी आणि दोन बहिणी. गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, मी पुण्यात नोकरीला, आणि शेतीतलं मला कळायचं ते एवढंच की दिवाळीला गावी गेलो की ज्वारी गुडघ्याएवढी असते. वडील होते तोवर "ते अनुदानाचं अण्णा बघतात" असं म्हणून मोकळा व्हायचो. आता बघायला मीच उरलोय, आणि तीन वर्षं हेलपाटे घालून जे कळलं ते इथं टाकतोय, कारण माझ्यासारखे नवखे शेतकरी आता गावोगाव झालेत आणि प्रत्येक जण त्याच चार ठिकाणी अडकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. अनुदान कागद बघून येतं. शेताकडं सरकारी माणूस येतो तो मोका तपासणीच्या, म्हणजे जागेवर येऊन बघण्याच्या, एका दिवशी, बाकी सगळा खेळ सातबारा, आधार, फार्मर आयडी आणि बँक या चार ठिकाणी तुमचं नाव सारखं आहे का एवढ्यावर चालतो. म्हणून अर्ज भरायची घाई करू नका. आमच्या गावात लोक आधी सेतू केंद्रात जाऊन अर्ज भरतात आणि मग वर्षभर "पेंडिंग" बघत बसतात.

पहिलं काम : सातबारा नीट वाचा

ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, तो काढा, सोबत आठ-अ चा खाते उतारा काढा. फुकटातला नुसता बघायचा असतो तो ऑफिसात चालत नाही. आता शांत बसून वाचा. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, आमचं १ हेक्टर ४१ आर म्हणजे साधारण साडेतीन एकर. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, तो लागवडीखालच्या क्षेत्रात धरत नाहीत. मग नावं बघा. आमच्या उताऱ्यावर वडिलांच्या नावापुढं "ए.कु.मॅ." होतं, मला वाटलं कुठली पदवी आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे चुलत्यांची नावं लागलीच नव्हती आणि कागदावर सगळी जमीन वडिलांची, ते निस्तरायला एक उन्हाळा गेला.

वारस नोंद राहिली असेल तर ती सगळ्यात आधी. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, आधार, एवढं घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्यायचा किंवा ई-हक्क पोर्टलवर ऑनलाइन टाकायचा. तलाठ्याचं सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच म्हणा, कळतं. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, पडला की १५ दिवसांची नोटीस असते, कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात आणि मग उताऱ्यावर नाव चढतं. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारनं "जिवंत सातबारा" नावाची मोहीमच काढली, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला, कारण राज्यभर हीच अवस्था.

बहिणींची नावं लागतात, लागलीच पाहिजेत, तो त्यांचा हक्क आहे. फक्त त्याचा अर्थ असा की आता तुम्ही सामाईक खातेदार झालात आणि पुढं बऱ्याच योजनांत सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागणार. माझी धाकटी बहीण सुरतला असते. दर वेळी तिच्याकडून सही मागवायला नको म्हणून ती दिवाळीला आली तेव्हाच ठिबकचं, विहिरीचं, सगळ्याचं एकदम करून घेतलं, ओवाळणीच्या ताटाशेजारी स्टॅम्प पेपर.

नावातली चूक ही स्वतंत्र पिडा. आईचं आधारवर नाव शालन, उताऱ्यावर शालिनी. सगळं गाव शालन म्हणतं आणि लग्नानंतर कुणीतरी कौतुकानं शालिनी लिहिलं. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते, पण त्याला वेळ लागतो, म्हणून आधी बघा की आधार बदलणं सोपंय की उतारा. आम्ही उताराच दुरुस्त केला कारण आईचं पॅन, बँक, रेशन सगळं शालनवरच होतं. एक कागद बदलून चार जुळत असतील तर तो एक बदला, उलटं करू नका.

दुसरं काम : फार्मर आयडी

अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, ११ आकडी. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषीच्या योजनांना हा बंधनकारक केलाय, त्यामुळं याच्याशिवाय पुढचं दार उघडतच नाही. सीएससी सेंटरला, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रात, काढून मिळतो. जाताना आधार, सातबारा, आठ-अ आणि आधारला लिंक असलेला मोबाइल घेऊन जायचं. मोबाइल म्हणजे तोच हातात पाहिजे, ओटीपी त्याच्यावर येतो. आमच्या आईच्या आधारला नंबर होता तो वडिलांचा, आणि वडिलांचं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं. आधी आधार केंद्र, नंबर बदल, मग परत सीएससी. दोन हेलपाटे. घरातून निघायच्या आधी आधारला कुठला नंबर आहे हे बघितलं असतं तर एकातच झालं असतं.

तिथं एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, तुमचे सगळे गट, म्हणजे जमिनीचे वेगवेगळे तुकडे, त्यात टाकलेत का. ऑपरेटरला घाई असते, बाहेर रांग असते, तो पहिला गट टाकतो आणि पुढं जातो. राहिलेल्या गटावर तुम्ही पुढं ठिबक मागितलं तर सिस्टीम म्हणणार ही जमीन तुमची नाही. आणि सामाईक असाल तर प्रत्येक खातेदाराचा आयडी वेगळा निघतो, एकाच्या आयडीवर घरादाराचं चालत नाही.

तिसरं काम : बँक, आणि इथंच सगळे गंडतात

"माझं खातं आधारला लिंक आहे" असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला, मॅप असणं वेगळं. बँकेच्या चार खात्यांना आधार जोडलेलं असू शकतं, पण सरकारी पैसा येतो तो एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या यादीत तुमच्या आधारपुढं ज्या बँकेचं नाव आहे तिथंच. आणि ती बँक म्हणजे शेवटी जिथं मॅपिंगचा फॉर्म भरला ती. अर्जात तुम्ही पासबुकची झेरॉक्स कुठली का लावेना.

आईचं असंच झालं. पीएम किसानचं स्टेटस म्हणतंय पैसे जमा, पासबुकावर नाही. मी बँकेत जाऊन वाद घातला, कॅशियर बिचारा म्हणे दादा आमच्याकडं आलेच नाहीत. शेवटी पुण्यात बसून आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस उघडलं तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. आई म्हणाली, अगं बाई, ते गॅसच्या सबसिडीसाठी काढलेलं. पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ते पासबुक, शेवटची एंट्री कैक वर्षांपूर्वीची. भरून आणलं तर दोन हप्ते तिथं गुपचूप पडलेले, ४,००० रुपये आणि वर गॅसचे सुटे. आईला एकदम भिशी लागल्यासारखं झालं.

तर करायचं काय, आधारच्या साइटवर लॉगिन करून ते स्टेटस बघा, बँकेचं नाव आणि अ‍ॅक्टिव्ह की इनअ‍ॅक्टिव्ह एवढंच दिसतं, खाते नंबर दिसत नाही, पण तेवढं पुरतं. चुकीची बँक असेल तर पाहिजे त्या बँकेत जाऊन "आधार सीडिंग, डीबीटीसाठी" असं स्पष्ट लिहून फॉर्म द्या, नुसतं केवायसी अपडेट म्हणालात तर ते केवायसीच करतील. बँक फारच टोलवत असेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा, घरी येऊन बोटाचा ठसा घेतो आणि डीबीटीला जोडून देतो. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचे अडकलेले हप्ते असेच सुटलेत.

आता योजना. आधी बिनखर्चाच्या

पीएम किसान २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. सुरुवातीला २ हेक्टरची अट होती, त्याच वर्षी ती काढली. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी त्याच्यावर आणखी ६,००० देते, तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो, पीएम किसानची यादी तीच तिची यादी. कुणी नमोच्या अर्जाचे पैसे मागितले तर सरळ उठून या.

तुम्हाला मिळेल का? गेल्या आकारणी वर्षात इन्कम टॅक्स भरला असेल तर नाही. सरकारी नोकर असाल तर नाही, चतुर्थ श्रेणी सोडून. महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर नाही. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, सीए, इंजिनियर, आर्किटेक्ट यांनाही नाही. म्हणजे माझ्यासारख्या पुण्यातल्या नोकरदाराला मिळत नाही, आणि ते बरोबरही आहे. पण इथं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ च्या आतली मुलं. सज्ञान मुलगा टॅक्स भरतो म्हणून आईचं नाव कटत नाही. हे सेतूवाल्यालासुद्धा माहीत नव्हतं, त्यानं आम्हाला एकदा परत पाठवलं होतं.

दुसरी अट तारखेची. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर पाहिजे. त्यानंतर विकत घेतली असेल तर यात बसत नाही, वारसानं आली असेल तर बसते. म्हणून वारसाच्या अर्जाला सातबारा, आठ-अ च्या जोडीला फेरफार लागतो, आधीचे आणि आत्ताचे दोन्ही जवळ ठेवा. आणि हो, वडील गेल्यावर त्यांच्या खात्यावर हप्ते येत राहिले तर गप्प बसू नका, कळवून बंद करा. टॅक्स भरणाऱ्यांनी घेतलेल्या हप्त्यांच्या वसुलीच्या नोटिसा तहसीलमधून निघालेल्या आम्ही गावात बघितल्यात, त्यात चांगली मिशीवाली मंडळी होती.

हप्ता आला नाही तर पोर्टलवर स्टेटस उघडा आणि तीन ओळी बघा : लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली आहे का), ई-केवायसी, आधार बँक सीडिंग. तिन्हींपुढं येस पाहिजे. लँड सीडिंग नो असेल तर तालुक्याला कागद घेऊन जा. ई-केवायसी नो असेल तर घरी ओटीपीनं किंवा अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून होतं, बोटांचे ठसे झिजलेल्या माणसांना चेहऱ्याचं बरं पडतं. तिसरी ओळ नो असेल तर वरचं पेटीतल्या पासबुकाचं पुराण परत वाचा. हेल्पलाइन १५५२६१, लागते कधीकधी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "पीएम किसान" नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका, ती तुमचं खातं साफ करायला आलेली असते.

ई-पीक पाहणी, फुकटातली आणि सगळ्यात महागात पडणारी

२०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायचीय. बांधावर उभं राहून, त्याच गटात, फोटो काढून. लांबून जमत नाही, अ‍ॅप लोकेशन बघतं, गटापासून ५० मीटरच्या आत पाहिजे. पुण्यात राहणाऱ्यांनी हे वाचून सुस्कारा सोडायची गरज नाही, गावातल्या भाच्याच्या फोनवरूनही होतं, एका फोनवरून बऱ्याच खातेदारांची नोंद करता येते. फक्त सिंचनाचं साधन, पेरणीची तारीख आणि मिश्र पीक त्याला नीट सांगा. आमच्या भाच्यानं एका वर्षी डाळिंबाच्या जागी पडीक टाकलं कारण पडीकला टाइप कमी करावं लागतं. ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्ती करता येते म्हणून वाचलो.

हे कशाला करायचं? २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये दिले, २ हेक्टरपर्यंत. त्याच वर्षीच्या सुरुवातीला कांदा मातीमोल झाला तेव्हा क्विंटलला ३५० रुपये जाहीर झाले. दोन्ही वेळेला पहिला प्रश्न सातबाऱ्यावर पीक आहे का. कांदा विकलेल्या पावत्या हातात, बाजार समितीचा शिक्का, आणि उताऱ्याच्या बारा नंबरात, म्हणजे पिकाच्या रकान्यात, कोरं. अशी माणसं तहसीलच्या पायरीवर बसलेली मी बघितली. हमीभावाच्या खरेदी केंद्रावरही हाच कागद मागतात. अतिवृष्टी, पीकविमा यांतही घोळ झाला की याच नोंदीवर बोट ठेवतात. पीकविम्याचा १ रुपयाचा जमाना २०२५ च्या खरिपापासून संपलाय, आता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता आपणच भरायचाय, तो वेगळा विषय.

महाडीबीटी : इथं खरा पैसा आहे आणि खरी खोडही

ठिबक, तुषार, रोटाव्हेटर, ट्रॅक्टर, फळबाग, शेततळं, सगळं राज्य सरकारच्या याच पोर्टलवर. टॅक्स भरणाऱ्याला पीएम किसानसारखी मनाई इथं सरसकट नाही, म्हणून नोकरदार वारसांनी इकडंच लक्ष द्यावं. फार्मर आयडीनं लॉगिन, प्रोफाइल पूर्ण भरायचं, पाहिजे ती बाब निवडायची, २३ रुपये ६० पैसे भरायचे. आधी लॉटरी होती, २०२५ पासून जो आधी अर्ज करेल तो आधी. म्हणून वरची तीन कामं झालेली असतील तर इथं मात्र वेळ घालवू नका.

ठिबकचंच उदाहरण घेतो कारण आम्ही तेच केलं, एक एकर डाळिंबाला. ५ हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. २ हेक्टरच्या आतल्या अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५, असे ८०. मोठ्या शेतकऱ्याला ४५ अधिक ३०, असे ७५. ऐकायला मस्त. पण हे ८० टक्के तुमच्या बिलाचे नसतात, सरकारनं दोन ओळींतल्या अंतरानुसार जो मापदंड ठरवलाय त्याचे असतात. समजा मापदंड १ लाख बसतो आणि डीलरचं बिल १ लाख २० हजार, तर तुम्हाला मिळणार ८० हजार आणि खिशातून गेले ४०. कोटेशन घेताना डीलरला पहिला प्रश्न हाच टाका, मापदंडाच्या वर किती जातंय? तो जरा चपापतो आणि मग नीट बोलतो.

निवड झाली की मेसेज येतो. मग कागद अपलोड, कोटेशन, सामाईक असाल तर संमतीपत्र. कृषी सहायक, म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी, बघतात आणि पुढं पूर्वसंमती मिळते. आता हे मोठ्या अक्षरात डोक्यात ठेवा : पूर्वसंमतीच्या आधी एक फूटसुद्धा नळी विकत घ्यायची नाही. माझ्या चुलतभावाला डीलर म्हणाला, घ्या ओ, संमती येतेच आहे, रेट वाढतील. यानं घेतली. संमती आली बारा दिवसांनी, बिलाची तारीख आधीची, अर्ज बाद. डीलरनं खांदे उडवले आणि याची नळी आजही शेतात पडलीय, चालते छान, फक्त पूर्ण पैशाची.

पैसे आधी आपण भरायचे, अनुदान मागून येतं, आणि मागून म्हणजे कधी ते निधीवर. आम्हाला आठ महिने लागले. त्यामुळं व्याजानं काढून ठिबक करत असाल तर आठ महिन्यांचं व्याज त्या ८० टक्क्यांतून मनातल्या मनात वजा करा. डीलर "तुम्ही फक्त तुमचा हिस्सा द्या, बाकी मी सांभाळतो" म्हणतात आणि बदल्यात सहीचा कोरा चेक मागतात. कोरा देऊ नका. रक्कम आणि नाव लिहून द्या, नाहीतर नकोच.

मोका तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. जागेवर उभं करून लोकेशनसकट फोटो काढतात, नळीवरचा छाप बघतात, बिलाशी जुळवतात. आमच्याकडं फिल्टर बसवायचा राहिला होता, डीलर म्हणाला नंतर बसवू, साहेब म्हणाले मग मी पण नंतर येतो. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. आणि एकदा घेतलं की त्याच जमिनीवर परत ठिबक ७ वर्षं मागता येत नाही, म्हणून नळी चांगली घ्या.

फळबाग लावायची असेल तर भाऊसाहेब फुंडकर योजना बघा, पैसे तीन वर्षांत ५०, ३०, २० असे येतात आणि पहिल्या वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत लागतात. पुण्यात राहून, उन्हाळ्यात टँकरच्या गावात, हे गणित जमतंय का ते आधी बघा. सौर पंपाला सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के भरावे लागतात, तो अर्ज मात्र महावितरणकडं.

अर्ज अडकला तर

पीएम किसानच्या पोर्टलवर गावाची पूर्ण यादी दिसते, कुणाकुणाला मिळतं ते. बघा जरूर, आपलं नाव कुठल्या स्पेलिंगनं आहे ते तिथं कळतं. ती यादी पारावर मोठ्यानं वाचू नका एवढंच, एकदा वाचली होती एकानं, पुढची ग्रामपंचायत निवडणूक त्याच्यावरच झाली.

महाडीबीटीवर अर्ज सध्या कुणाच्या लॉगिनला आहे ते दिसतं. महिनाभर हलला नाही तर ऑफिसात जाऊन तोंडी विचारण्यात अर्थ नाही, उद्या या म्हणतात. लेखी द्या आणि पोच घ्या. तरी नाही हललं तर "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार, आणि शेवटी माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका पानावर तीन प्रश्न लिहायचे, अर्ज क्रमांक अमुकवर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, सध्या तो कोणाकडं आहे, आणि त्रुटी असेल तर ती कोणती. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. आमच्या उत्तरात नुसती एक ओळ आली होती, "सहहिस्सेदाराचे संमतीपत्र अस्पष्ट". स्कॅन करताना सुरतच्या बहिणीच्या सहीवर ऑपरेटरचा अंगठा आला होता.